समुद्र उजव्या हाताला

मालवणातून मुंबईला निघालं की समुद्र डाव्या हाताला राहतो. बोटीनं जा नाहीतर गाडीनं जा, दिसो न दिसो, असतो डावीकडेच. आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. त्यामुळे आजोच्या गोष्टीत लढाई होती, बॉम्ब होते, गोरे साहेब होते, पण आम्हा पोरांना सगळ्यात नवल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

“आमी वर चललेलो,” आजो सांगायचा. “दर्या उजव्या हाताक. बर्फाचो डोंगर डाव्या हाताक. मधी चिखोल. थंयच तां तोरीन.”

तोरीन हे आजोचं इटलीतलं गाव. आमचं घर आचऱ्याच्या खाडीच्या अलीकडे. संध्याकाळी खळ्यात बसून पान कुटता कुटता तो तोरीनचं काढायचा. वाडीत त्याला सगळे ‘मिल्ट्रीवालो’ म्हणत. १९४० साली, एकोणीस वर्षांचा असताना, आंबोलीचा घाट चढून तो बेळगावला गेला आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला. पहिली बटालियन, म्हणजे ‘जंगी पलटण’. तिच्यात घाटावरचे मराठे आणि कोकणातले मराठे असे दोन्ही. घाटावरचे भाकरीवाचून तळमळत आणि आमचे भातावाचून, असं तो सांगे. देशभक्ती, इंग्रजांची चाकरी असली चर्चा त्याच्यापाशी नव्हती. घरात तीन भाऊ आणि दीड कोपरा शेत. एक भाऊ मुंबईला गिरणीत गेला, एक शेतावर राहिला, उरला तो बेळगावला गेला.

त्याच्या गोष्टी तुटक असत. लढाईचं कमी, गावाचं जास्त. तोरीनला समुद्रात लाकडाचा ‘माटव’ होता म्हणे. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्यात खांब पुरलेले, त्यावर फळ्या, तिथपर्यंत जायला एक डुगडुगता साकव. माटवापुढे चौकोनी जाळं पाण्यात सोडलेलं आणि ते वर ओढायला विहिरीवर असतो तसा रहाट. “आपल्या रापणीक पन्नास माणसां लागतत. थंय एक म्हातारो नि तेची बायल. रहाट फिरवल्यानी की जाळा वर, मासो आत.” रापणीची दोरी खांद्यावर घेऊन वाळूत पाय रोवणारी माणसं आम्ही रोज पाहत होतो. एका म्हाताऱ्यानं बसल्या जागी मासे काढायचे, ही आम्हाला परीकथा वाटे.

तिथं एक झाड होतं, त्याला आवळ्यासारखी फळं. पलटणीतल्या एकानं हावरटासारखं मूठभर तोंडात घातलं. “कारिटासारखां कडू!” हे सांगताना आजो स्वतःच थुंकायचा. दिवाळीच्या पहाटे पायाखाली चिरडायच्या कारिटाचा कडूपणा प्रत्येक कोकणी माणसाला ठाऊक असतो; त्यामुळे उपमा पोचायची.

आणि तिथं सांगर होता. “सांगर भरान इलो. पूल बांधलो काय व्हावान गेलो. परत बांधलो, परत व्हावान गेलो.” आम्ही समजायचो, सागर. समुद्रावर पूल कशाला बांधत होते, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. रामायणात बांधला होता की.

मग काकांनी ॲटलास आणला.

काका, म्हणजे आजोचा धाकटा मुलगा, हायस्कुलात भूगोल शिकवायचे. एका मे महिन्यात, घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना, त्यांनी खळ्यात कंदिलाखाली तो मोठा नकाशा उघडला. बोट ठेवून दाखवलं, “तोरीन नाही ते. ट्यूरिन. इटालियन भाषेत तोरीनो म्हणतात. हे बघा, इथं. उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी.” बर्फाचा डोंगर जुळला. पण समुद्र? ट्यूरिन समुद्रापासून कोसो दूर. काका हसले. मुंबईचे काकाही हसले. कुणीतरी म्हणालं, “म्हणजे माटव, रहाट, म्हातारो... सगळी सोडलेली!”

आजोनं पानाचा डबा मिटला. म्हणाला, “असात बाबा. तुमी शिकलेले.”

त्यानंतर तोरीनची गोष्ट खळ्यात फारशी निघाली नाही. घरात मात्र ‘आजो ट्यूरिनला लढले’ हे पक्कं झालं. लढाईतल्या सैनिकांना सरकार मानधन देतं असं कळल्यावर काकांनीच अर्ज भरला, त्यातही ‘ट्यूरिन, इटली’ असंच लिहिलं. लढाईपुरते घेतलेले हे शिपाई १९४६ च्या सुमारास घरी पाठवले गेले. पेन्शनला लागणारी वर्षं कुणाची भरलेली नव्हती. तो अर्ज कुठल्या कचेरीत कुठे बसला ते सांगून उपयोग नाही. पैसे आले नाहीत आणि १९९१ साली आजो गेला.

तोरीन बंद झालं तरी आजीपाशी त्याचा थोडा साठा शिल्लक होता. रात्री निजताना तिनं जे ऐकलं असेल, ते ती आम्हाला दुपारी भाजी चिरताना सांगायची. तिच्या गोष्टीत बंदूक नव्हतीच. नोना होती. नोना म्हणजे आजी, हे आम्हाला पाठ. थंडीत पलटणीची तुकडी एका शेतावरच्या घरात राहिली होती. वर घरातली माणसं, खाली गोठ्यात शिपाई आणि बैल. घरधनीण एक काळं नेसलेली म्हातारी. आमचे शिपाई तिच्याकडे अंडं मागायला जात, तर ती दोन्ही हात झटकून म्हणे, “न्येंत, न्येंत.” काही नाही, काही नाही. हा शब्द आमच्या घरात राहिला. डब्यात साखर संपली की आजी आजही जिवंत असती तर म्हणाली असती, न्येंत.

त्या नोनाचा मुलगा अमेरिकेला होता. आजोनं हे सांगितल्यावर आजीनं पहिला प्रश्न विचारला होता, तो मला फार आवडतो. “मगे तो मनिऑर्डर धाडी काय?”

“खंयची मनिऑर्डर! अमेरिका तेंची दुश्मन झाली ना,” आजो म्हणाला.

आजीला हे चटकन समजलं असणार. त्याच वर्षांत ती आचऱ्याच्या पोस्टमनची वाट बघत होती. पलटणीतून दरमहा घरी लावून दिलेली रक्कम मनिऑर्डरीनं येई. पत्रं मास्तर वाचून दाखवत, त्यातही गावाचं नाव नसे. ते लिहायला बंदी होती. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्यावर रंगूनचा तांदूळ बंद झाला आणि कोकणात पेज पातळ झाली. मनिऑर्डरवाला आला तर बरं, तारवाला आला तर नको. “तारवालो वाडीत शिरलो की तो पुढे जाय पावत कोण उसासो टाकी नाय,” ती म्हणायची. तो आमच्या दारावरून तीन वेळा पुढे गेला. शेजारच्या वाडीत एकदा थांबला.

नोनाची गोष्ट इथं संपत नाही. आजीनं ती मला एकदाच सांगितली, आणि काकांच्या ॲटलासमध्ये न मावणारी आजोची सगळ्यात खरी गोष्ट तीच असावी असं मला वाटतं. पलटण पुढं सरकत होती तेव्हा समोरून माणसं येत होती. जर्मनांनी गावंच्या गावं रिकामी करायला लावली होती. बायका, म्हातारे, कोंबड्या टोपलीत, बकरी दोरीला, डोक्यावर गादीची वळकटी. कुणी शेतातल्या झोपडीत, कुणी गुहेत. ते बघून आमच्या पलटणीतले कोकणातले दोघे-तिघे एकदमच म्हणाले, “ही गावपळण!”

घाटावरच्यांना ते कळेना. त्यांना समजावून सांगावं लागलं. आमच्या आचऱ्याला काही वर्षांनी देव रामेश्वराचा कौल होतो आणि सगळं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरांना कुलूप, चुली थंड. वेशीपलीकडे राहुट्या उभारायच्या, तीन दिवस तीन रात्री तिथं काढायच्या. मग पुन्हा कौल, आणि देवानं हो म्हटलं की परत. पोरांना ती जत्राच वाटते. गाण्याबजावण्यात रात्री जातात, बाया एकमेकींच्या चुलीवरचं चाखतात आणि ओसाड गावाकडे तिकडून बघताना अंगावर काटाही येतो. आजोच्या लहानपणच्या गावपळणीत त्याची एक कोंबडी गावातच राहिली होती आणि तीन दिवस तो तिच्यासाठी रडला होता.

“पण तेंका कौल घेवक देव नाय होतो,” आजो आजीला म्हणाला होता. “तीन दिसांनी परत जावचा, असा कोण सांगणार तेंका?”

हे मी वीसेक वर्षं नुसतं लक्षात ठेवलं. मग एकदा दुसऱ्या महायुद्धातल्या आठव्या भारतीय डिव्हिजनचा मार्ग वाचत होते. तिच्या शिपायांच्या बाहीवर क्लोव्हर नावाच्या गवताच्या पानांची खूण असे. आजो तिला ‘बेलाचां पान’ म्हणायचा. जंगी पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. इराक, सिरिया करत ही माणसं सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेत, तारांतो बंदरात उतरली. तिथून एड्रियाटिक समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेकडे निघाली. मी नकाशावर बोट ठेवलं. एड्रियाटिक इटलीच्या पूर्वेला. उत्तरेकडे चालणाऱ्याच्या उजव्या हाताला.

पुढचं वाचेपर्यंत मला धीर धरवेना. बिफेर्नो नदी, त्रिन्यो नदी, मग सांग्रो. सांगर! आब्रुत्सो प्रांतातली ही नदी मायेल्ला डोंगराच्या बाजूनं खाली येते. त्या डोंगराचं टोक २,७९३ मीटर, हिवाळ्यात बर्फानं पांढरं. उत्तरेकडे चालत असाल तर तो डाव्या हाताला. आणि सांग्रो समुद्राला मिळते तिथं, दक्षिणेकडच्या टेकडीवर, एक लहानसं गाव आहे: तोरीनो दि सांग्रो. सांग्रोकाठचं तोरीनो.

काकांनी दाखवलेल्या महानगराशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. इटलीच्या सरकारी हिशेबात आब्रुत्सो दक्षिणेत मोडतो, ट्यूरिन उत्तरेच्या पार वरच्या कोपऱ्यात. मधे सगळी इटली.

नोव्हेंबर १९४३ मध्ये तिथं पावसानं कहर केला होता. नदीपलीकडच्या कड्यावर जर्मनांची पक्की तटबंदी होती आणि माँटगोमरीच्या आठव्या आर्मीनं नदी ओलांडून तिच्यावर चाल करायची ठरवली होती. सांग्रोला पूर आला, सैनिकांनी टाकलेले पूल वाहून गेले, हल्ला पुढं ढकलावा लागला. शेवटी २८ नोव्हेंबरच्या रात्री मोठी चढाई झाली आणि आठव्या डिव्हिजननं मोत्झाग्रोन्या हे गाव घेतलं. मग डिसेंबरात मोरो नदी, पुढे अख्खा हिवाळा तिथल्याच चिखलात. शेतावरच्या घरात खाली बैल आणि शिपाई, वर नोना, हे त्या हिवाळ्याचं चित्र. माघार घेताना जर्मनांनी सांग्रोच्या वरच्या खोऱ्यातली गावं सुरुंग लावून पाडली, त्याआधी माणसं हाकलली. पलटणीनं पाहिलेली गावपळण ती हीच.

आणि माटव? त्याला तिकडे त्राबोक्को म्हणतात. ओर्तोनापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या त्या किनाऱ्याला आज त्राबोक्कींचा किनारा असंच नाव आहे. पाण्यात रोवलेले लाकडी खांब, वर फळ्यांचा मंच, किनाऱ्यापर्यंत अरुंद साकव, पुढे काढलेल्या लांब दांड्यांना टांगलेलं चौकोनी जाळं, आणि ते ओढायला रहाट. फोटो उघडला तेव्हा मी बराच वेळ रहाटाकडेच बघत बसले. आता त्यातल्या कित्येकांत हॉटेलं निघालीत म्हणे. मालवणात रापणकर कमी झाले आणि पर्यटकांच्या होड्या वाढल्या, तसंच.

कडू आवळे ऑलिव्हचे. झाडावरून काढलेलं ऑलिव्ह खाऊन बघितलेला माणूसच कारीट म्हणेल. बाटलीतलं खाणाऱ्याला ते सुचणार नाही.

नोनाचा मुलगा अमेरिकेला असणं यात तर काही विशेषच नव्हतं. १८७६ ते १९१५ या काळात इटलीतून सुमारे १ कोटी ४० लाख माणसं बाहेर गेली, आणि विसावं शतक उजाडल्यावर त्यांत दक्षिणेकडच्यांचा भरणा मोठा. अमेरिका, अर्जेंटिना, युद्धानंतर बेल्जियमच्या कोळसाखाणी. ८ ऑगस्ट १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ माणसं मेली, त्यांत १३६ इटालियन, आणि त्यांतही आब्रुत्सोचे पुष्कळ. तिकडची चाकरमानी माणसं ती. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्या रत्नागिरी जिल्ह्यानं भरल्या, घरी राहिल्या बायका आणि म्हातारे, १९८२ च्या संपानं चिमण्यांतला धूर थांबला आणि वाड्यांतल्या मनिऑर्डरीही. नोनाच्या ओसरीवर उभं राहून आजोला परकं वाटलं नसणार. घरातला मुलगा समुद्रापलीकडे आणि डब्यात न्येंत, हे घर त्याच्या ओळखीचंच होतं.

लढाईबद्दल फारसं न बोलणाऱ्या आजोनं एक गोष्ट मात्र सांगितली होती, काकांना. काकांनी ती मला आजो गेल्यानंतर बाराव्या दिवशी सांगितली. नदी ओलांडताना त्यांच्यातले काही पडले. गोऱ्यांना पुरत. “आमच्यांका आग देवची होती. लाकडां ओली. पेट्रोल वतला तेवा पेटली.” एवढंच. पुढं विचारलं तर आजो उठून गुरांना पाणी दाखवायला गेला.

तोरीनो दि सांग्रोच्या हद्दीत टेकडीच्या उतारावर सांग्रो नदीचं युद्धस्मारक कब्रस्तान आहे. २,६०० हून अधिक कबरी. तिथंच दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. ज्यांना अग्नी दिला, त्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. पाचशेहून अधिक. इटलीत लढलेले भारतीय सुमारे ५० हजार, मेलेले ५,७८२. आपल्याला लढलेल्यांतले दोघं माहीत असतात, तेही व्हिक्टोरिया क्रॉसमुळे. माणगावजवळचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांच्या स्मरणार्थ मोन्तोने या गावात २०२३ साली एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव आजोच्याच बटालियनचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी त्यांनी एकट्यानं मशिनगनची ठाणी गप्प केली आणि ते जिवंत परतले. त्यांचं नाव निघालं की आजो सावरून बसायचा.

हे सगळं घेऊन मी गेल्या मे महिन्यात काकांकडे गेले. काका आता म्हातारे झालेत. ॲटलास अजून आहे, पुठ्ठा सुटलेला. त्यात तोरीनो दि सांग्रो नाही. एवढी लहान गावं शाळेच्या ॲटलासात नसतात. मी मोठा नकाशा छापून नेला होता. काकांनी भिंग मागितलं. सांग्रोवरून बोट फिरवलं, मायेल्लावर नेलं, मग कागद फिरवून उत्तर आपल्यासमोर केली आणि उजव्या हाताची बोटं समुद्रावर पसरली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“स्पेलिंग एकच आसा गो,” एवढंच म्हणाले. काकांचंही खरं होतं. तोरीनो म्हणजे ट्यूरिन, हे कुठल्याही भूगोलाच्या मास्तरानं सांगितलं असतं. चूक झाली ती एवढीच की गोष्टीत दोन खुणा होत्या, डोंगर आणि समुद्र. त्यांतली जुळणारी धरली आणि न जुळणारी थाप ठरवली.

तुमच्या घरातही कुणी पलटणीत गेलेलं असेल आणि परत आलं नसेल, तर कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या यादीत नाव शोधता येतं. अनेक भारतीय नावांपुढे बापाचं नाव आणि गाव दिलेलं आहे, इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं, तेव्हा गावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघा. सिंधुदुर्ग घालून मात्र शोधू नका, काही मिळणार नाही. आपला जिल्हा १ मे १९८१ ला झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची माणसं तिथं रत्नागिरीची म्हणून नोंदलेली आहेत, आणि संस्थानातली सावंतवाडीची म्हणून.